पारध परवाना, ‘निरंक’ अहवाल आणि न काढलेले चार बार : माझा अनुभव

“पंधरा दिवसांत एकही जनावर पडलं नाही, म्हणजे तुमच्या शिवारात उपद्रवच नाही,” असं म्हणून वनखात्याच्या कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसाने पिकात शिरणारा रोही, म्हणजे नीलगाय, मारण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीचा माझा अर्ज शेजारच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. त्याला आता वर्ष होत आलं, पण ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. त्या पंधरा दिवसांत माझ्या बंदुकीपुढे जनावर चार वेळा आलं होतं. चारही वेळा मी बार काढला नाही. का काढला नाही, हे लिहायला त्यांच्या नमुन्यात जागाच नव्हती.

आमचं गाव तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली काळ्या जमिनीत केळी आणि वर डोंगराकडच्या हलक्या रानात हरभरा, मका, कपाशी. माझं साडेचार एकर वरच्या अंगाला, नाल्याला लागून. त्या नाल्याने रोही उतरतात. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. ते गायही नाही आणि हरीणही नाही, कुरंग आहे. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, रोहीच्या नराची आखूड शिंगं कायमची असतात. नावात गाय आहे म्हणून आमच्या आईने आधी बंदुकीला साफ नकार दिला होता. मग एका सकाळी ती स्वतः शेतात आली. घाट्यांनी भरलेला हरभरा पाऊण एकर लोळवलेला होता. खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलाच जास्त. ती बांधावर बसून राहिली, बोलली काहीच नाही.

डबे, फटाके, जुन्या साड्यांचं कुंपण, जागल, सगळं करून झालं होतं. नुकसानीचा पंचनामाही झाला होता आणि तो कागद पुढे फार कामाला आला, म्हणून आधीच सांगतो: पंचनामा झाल्याशिवाय पारधीच्या अर्जाकडे वळूच नका, आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. मात्र उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका झाला, तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. रोही आणि रानडुक्कर यांच्या पारधीबाबत राज्य सरकारचा २०१५ चा निर्णय आहे. काळवीट आणि चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा विचारही मनात आणू नका. सांबर, चितळ, भेकर हेही या परवान्यात येत नाहीत. आणि मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. गावातले दोघे-तिघे “आमचा वाटा ठेव” म्हणून आधीच सांगून गेले होते. त्यांना मी तेव्हाच हात जोडले.

अर्ज, सातबारा, शस्त्र परवान्याची प्रत, हे सगळं आठवड्यात झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बंदूक वडिलांची, बारा बोअर, दुनळी. ते गेल्यावर वारस म्हणून माझ्या नावावर झाली. परवाना पंधरा दिवसांचा मिळाला, तोही फक्त माझ्या गटापुरता, म्हणजे माझ्या गट नंबरच्या शेतापुरता. गट ओलांडून पाठलाग करायचा नाही, अशी अट लिहिलेली होती.

दुसऱ्या रात्री कळप आला. सात माद्या, त्यात दोन पिल्लं. चांदणं होतं, अंतर पस्तीसेक पावलं. मोठ्या छऱ्याच्या काडतुसाचे छरे इतक्या अंतरावर पसरतात. एकीवर धरलेला बार तिच्या शेजारच्या पिल्लाच्या पायातही जातो. कळपात बार काढायचा नाही, एकटं जनावर मोकळं झाल्याशिवाय नाहीच, हे मी घरूनच ठरवून आलो होतो. उठून डबा वाजवला, कळप नाल्यात उतरला. ठरवायला एक क्षणही लागला नाही.

पाचव्या रात्रीचं जनावर मला ओळखता आलं नाही, एवढंच. बिनशिंगाचं, काळपट तपकिरी, मक्याच्या कडेला अर्धं लपलेलं. रोहीची मादीही बिनशिंगाची आणि सांबराची मादीही. सातपुड्यात सांबर आहे, ते खाली कधी येणारच नाही असं कोण सांगणार? रोहीची पाठ खांद्याकडून मागे उतरत जाते, खुरांच्या वर पांढरी कडी असतात, शेपूट लांब आणि टोकाला गोंडा. यातलं एकही मला स्वच्छ दिसेना. पाच मिनिटं पाहिलं आणि बंदूक मांडीवर घेतली. अंदाजाने बार काढून सकाळी सांबर निघालं असतं, तर पंचनामा माझाच झाला असता. ते जनावर काय होतं, मला आजही माहीत नाही.

आता आठवी रात्र. हे सगळं लिहायला बसलो ते या रात्रीमुळेच.

पहाट झाली होती, पण फटफटलं नव्हतं. पूर्वेला नुसता राखाडी पट्टा. मी माळ्यावर होतो, जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर. बंदुकीच्या नळीवर दव जमून ओघळत होतं. हरभऱ्यावर रात्री आंब उतरते, त्या आंबट दवाने दिवसा फाटलेले हात चुरचुरत होते. आधी फक्त आवाज आला. कुणीतरी मुळासकट उपटतंय, चावतंय, थांबतंय. मग नर दिसला. एकटा. निळसर काळा, गळ्याखाली केसांचा झुपका, पायांवर ती पांढरी कडी इतकी स्पष्ट की मोजता आली असती. तीस पावलं. आडवा उभा, खांदा माझ्याकडे. आठ रात्री मी ज्याची वाट पाहिली होती, ते नेमकं पुढ्यात होतं. बंदूक खांद्याला लागली, डावा घोडा मी अंगठ्याने हळू मागे घेतला.

आमचे आजोबा एकच गोष्ट सांगायचे: “मांगं काय हाये ते पाह्यल्याबिगर चापावर बोट नको ठेवू रे पोरा.” त्यांच्या काळी शिकारीला बंदी नव्हती. ते जंगलात बंदूक घेऊन फिरलेले. म्हणून मी चापावर बोट न ठेवता नराच्या मागे पाहिलं. शेजारच्या आप्पांचा बांध, त्यावर कडुलिंब, त्याखाली विहीर. सगळा काळोखाचा गोळा. त्या काळोखात एक लाल ठिपका पेटला आणि विझला.

पहिल्यांदा वाटलं भास झाला. जागरणाने डोळ्यांपुढे असं होतं. नर खाली मान घालून चरत होता. दोन बोटं उजवीकडे धरून बार काढला तर कडुलिंबाच्या बाजूने जाणार नाही, असा विचार मनात येऊन गेला, हे मी लपवत नाही. आठ रात्रींचं जागरण, पाऊण एकर हरभरा आणि बांधावर बसलेली आई, सगळं त्या डाव्या घोड्यावर आलं होतं. मग कुणीतरी खोकलं. विडी ओढणाऱ्या माणसाचा तो ओला खोकला.

आप्पांचा सालदार, म्हणजे वर्षाने ठेवलेला गडी, होता तो. त्या आठवड्यात थ्री फेज लाईटचं वेळापत्रक बदललं होतं, रात्रपाळी आली होती आणि तो गव्हाला पाणी भरायला आला होता. पाटाचं दार मोडून, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवून, कडुलिंबाखाली टेकला होता. मी पहिल्याच दिवशी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं होतं की या रात्री मी बसणार, वरच्या अंगाला फिरकू नका. आप्पांनी त्यालाही सांगितलं होतं. पण लाईट आली की पाणी भरावंच लागतं. त्यात त्याची काय चूक?

माझ्यापासून नर तीस पावलं. नरापासून तो माणूस फार तर साठ. मोठा छरा चुकला तर दोनशे पावलं सहज जातो, आणि अंगातून आरपार गेलेलाही थांबत नाही. मी घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली सोडला. त्याचा बारीक आवाज झाला. नराने मान वर केली, कान माझ्याकडे वळवले, आणि तोंडात हरभऱ्याचं डहाळं तसंच धरून तो चालत, पळत नव्हे, चालत नाल्यात उतरला. मी माळ्यावरून ओरडलो. सालदार बांधावर येऊन म्हणाला, “काय झालं भाऊ, डुक्कर आलं का?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. खाली उतरलो, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने विडी पुढे केली. मी ओढत नाही, पण त्या दिवशी घेतली.

सकाळी जाऊन आधी माळा हलवला. आता माझी नजर नाल्याच्या दरडीकडे, म्हणजे बार गेलाच तर मातीत जाईल. माळा बांधताना हेच आधी बघायचं असतं, ते मी आठव्या रात्रीनंतर केलं. आणि रात्रपाळी असेल त्या आठवड्यात पाणी भरणाऱ्याने कंदील कपाळाएवढ्या उंचीवर टांगून ठेवायचा, असं आम्ही चौघा शेजाऱ्यांनी ठरवलं. रोही लेंड्या एकाच जागी येऊन टाकतो. तो ढीग शोधून माळा त्याच्या वाऱ्याखाली बांधला तर फार हिंडावं लागत नाही, हेही इथेच सांगतो.

तेराव्या रात्री पुन्हा नर आला, पण बांधावर चढून पाठमोरा उभा राहिला. मागे नुसतं आभाळ आणि अंगाचा दिसणारा भाग चुकीचा. मागून मारलेलं जनावर जखमी होऊन जंगलात जातं आणि दोन-तीन दिवस तडफडून मरतं. गट ओलांडायचा नाही या अटीमुळे मला त्याच्या मागेही जाता आलं नसतं. मी त्याला जाऊ दिलं.

पंधरा दिवस संपले. पाच काडतुसं नेली होती, पाचही परत. कार्यालयात छापील नमुना भरायचा होता: दिनांक, प्राणी, संख्या, नर की मादी, विल्हेवाट. मी काय भरणार? टेबलावरचा माणूस म्हणाला, “निरंक लिहा.” लिहिलं. आणि त्याच निरंकावर बोट ठेवून मुदतवाढ नाकारली. मी म्हणालो, साहेब, रोही आला होता, मी बार काढला नाही. तो म्हणाला, “आला होता तर मारला का नाही? परवाना कशाला घेतला?” दुसऱ्या खेपेला अधिकारी दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला वेगळाच प्रश्न: जनावर पाडून लपवलं तर नाही ना? त्या दिवशी माझा आवाज चढला. काडतुसं टेबलावर मांडून मोजून दाखवली. तरी उत्तर तेच. इकडे शिवारात रोज रात्री घाटे कमी होत होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी फुलस्केप कागदावर चार रात्री लिहून काढल्या. प्रत्येकीची तारीख, वेळ, अंतर, जनावर कोणत्या बाजूने उभं होतं, मागे काय होतं, बार का काढला नाही. आठव्या रात्रीच्या खाली सालदाराचा अंगठा घेतला, आप्पांची सही घेतली. सकाळी आमच्या बीटाच्या, म्हणजे जंगलाच्या आमच्या भागाच्या, वनरक्षकाला शेतात बोलावलं. त्याने नाल्यातले खूर, लेंड्यांचा ढीग, नव्याने तुडवलेला हरभरा पाहिला आणि खाली त्याची नोंद केली. पंचनाम्याची प्रत जोडली. मग टेबलाला वळसा घालून सरळ अधिकाऱ्यांची गाठ घेतली. त्यांनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. आठव्या रात्रीपाशी थांबून पुन्हा वाचलं. म्हणाले, “सालदाराला लागलं असतं तर तुमच्यासोबत मीही गेलो असतो.” मुदतवाढीवर तिथेच सही झाली. बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायलो, तोवर पाय थरथरत होते.

म्हणून ज्याला परवाना मिळेल त्याने पहिल्या रात्रीपासून वही ठेवावी. छापील नमुन्यात जागा नसली तरी जोडपत्र लावता येतं, ते कुणी आपणहून सांगत नाही. दुसरं, अर्ज करताना निवडणुकीच्या तारखा बघा. आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली, तर परवाना हातात असून उपयोग नाही.

दुसऱ्या मुदतीत तिसऱ्या पहाटे नर दरडीखाली आला. बावीस पावलं, आडवा, मागे माती, शेजारी कुणी नाही, आप्पांच्या विहिरीवर कंदीलही नाही. एक बार. तो चार पावलं चालला आणि बसला. वनरक्षकाला फोन केला, तो येईपर्यंत मी जवळ गेलो नाही. त्यांनी पंचनामा केला, जनावर ताब्यात घेतलं. आई दुपारपर्यंत जेवली नाही. मीही नाही.

अहवाल द्यायला गेलो तेव्हा सगळे रकाने भरलेले होते. टेबलावरच्या माणसाने पाच मिनिटांत पोच दिली. मी सोबत अर्ध्या पानाचं जोडपत्र दिलं, पहिल्या दोन पहाटे बार का काढला नाही त्याचं. त्याने ते उलटून पाहिलं, काही बोलला नाही, पिन मारून फाईलला लावलं.