फ्रेमचा भाव नुसत्या फुटावर का ठरत नाही

फोटो पिशवीतून बाहेर काढण्याआधीच बहुतेक गिऱ्हाइके ‘फुटाला काय भाव?’ असे विचारतात. फ्रेमची पट्टी आम्हीही फुटावरच घेतो, त्यामुळे प्रश्न गैर नाही. मात्र फोटोचा घेर मोजून त्याला पट्टीच्या दराने गुणले की किंमत निघते, ही समजूत दुकान काढल्यावर वर्षभर माझीही होती आणि ती मला चांगलीच महागात पडली.

१२ बाय १८ इंचांचा फोटो घेऊ. त्याचा घेर ६० इंच, म्हणजे ५ फूट. चारही बाजूंना दोन इंचांचा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा जाड कागदाचा काठ, सोडला की माप १६ बाय २२ होते आणि घेर ७६ इंचांवर जातो. पट्टी दोन इंच रुंद असेल, तर ४५ अंशांच्या कापामुळे प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जास्त लागतात. चार बाजूंचे मिळून १६. नक्षीची पट्टी उलटवून कापता येत नसल्याने कोपऱ्यांचे त्रिकोण थेट कचऱ्यात जातात. (काच बसते त्या खाचेमुळे थोडी बचत होते, पण तेवढी पट्टी करवतीच्या कापात जाते.) अशी एकूण ९२ इंच, म्हणजे ७ फूट ८ इंच पट्टी लागते. ६० रुपये फुटाने ती ४६० रुपयांची झाली, ३०० ची नव्हे. शिवाय साडेनऊ फुटी पट्टीतून उरलेल्या २२ इंचांचा काहीच उपयोग नसतो, कारण त्यातले १६ इंच नुसत्या कोपऱ्यांनाच हवेत. तो तुकडा मी निम्म्या दराने त्याच कामावर टाकतो.

काच, माउंट आणि मागचा हार्डबोर्ड यांचा हिशेब चौरस फुटावर सरळ निघतो. मजुरीचे तसे नाही. फ्रेम लहान असो वा मोठी, कोपरे चारच जुळवायचे असतात, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या फोटोचा भाव ऐकून लोकांच्या भुवया उंचावतात.

एका बाईंनी आजीच्या पैठणीचा पदर फ्रेम करायला आणला, तेव्हा मी सवयीने फुटावर भाव सांगून मोकळा झालो. जुने कापड चिकटवायचे नसते. ते आम्लमुक्त बोर्डावर टाके घालून बसवावे लागते आणि काच त्याला टेकू नये म्हणून आतून बारीक पट्ट्या द्याव्या लागतात. जरीचे धागे विरलेले होते, प्रत्येक टाका जपून घालण्यात अख्खी दुपार गेली, आणि शब्द दिल्यामुळे एक रुपयाही वाढवता आला नाही. आता कापड आले की ते आधी टेबलावर पसरून पाहतो, आणि टाक्यांच्या तासांची रक्कम पावतीवर वेगळ्या ओळीत लिहितो.