नातीच्या कानामागची धावपळ

"बोलेल गं, एवढी काय घाई? तिचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता!" नातीच्या पहिल्या वर्षात हे मी विहीणबाईंकडून, शेजारणींकडून आणि एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडूनही ऐकलं. माझा मुलगा उशिरा बोलला हे खरं. पण त्याला ऐकू येत होतं, हाक मारली की मान वळवायचा. चिऊचं तसं नव्हतं, आणि तिच्या बाबतीत घाई होती, भरपूर होती.

चिऊ वेळेआधी जन्मली, कावीळही वाढलेली, त्यामुळे सुरुवातीला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. घरी सोडण्याआधी तिची ओएई नावाची तपासणी झाली. कानात छोटा प्रोब बसवून बारीक टिकटिक सोडतात. आतल्या शंखाकृती भागातल्या पेशी धडधाकट असतील तर त्या स्वतःच अगदी हलक्या आवाजात उत्तर देतात आणि यंत्र ते टिपतं. चिऊच्या कागदावर आलं, 'रेफर', म्हणजे उत्तर टिपलं गेलं नाही, पुढे तपासा. कानात जन्माच्या वेळचा ओलावा राहिला तरी असं होतं, त्यामुळे एका 'रेफर'वरून काही ठरत नाही. मात्र पुन्हा तपासणी करून घ्यायचीच असते, आणि तिथेच बरीच घरं थांबतात. आमच्याकडे दुसऱ्यांदाही तेच आलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ओएई 'पास' झाली तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, बेरा करून घ्या, म्हणजे आवाजाचा निरोप मेंदूकडे पोचतो का हे बघणारी तपासणी. काही मुलांचा कान ठीक असतो, पण पुढच्या मज्जातंतूतून मेंदूकडे निरोप नीट जात नाही. ओएईमध्ये ते दिसतच नाही.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर पोटभर पाजून झोपवा, असं सांगितलं होतं. सांगलीची एसटी सुटली आणि दुसऱ्या फाट्यालाच चिऊ घोरायला लागली. सून गालाला ओला रुमाल लावतेय, मी तळपाय चोळतेय, आणि बसमधल्या बायका आम्हाला रागवतायत, "झोपू दे की लेकराला!" दवाखान्यात पोचलो तेव्हा बाईसाहेब टक्क जाग्या. परत बाहेरच्या बाकावर बसून पाजणं, थोपटणं. शेवटी झोपली तेव्हा कपाळावर आणि दोन्ही कानांमागे तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडायला सुरुवात झाली. ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडम पडद्यावरच्या रेघांकडे बघत आवाज वाढवत होत्या. रेघ सपाट ती सपाटच. नव्वद डेसिबलला, म्हणजे कानाशी मिक्सर चालू असावा एवढ्या आवाजाला, कुठे एक बारीकशी लाट उठली. दोन्ही कानांत तेच.

मॅडमनी तेव्हा दिलेला हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी. जगभर हेच धरतात, कारण ऐकायला मेंदू शिकतो, आणि त्याचं ते शिकण्याचं वय ठरलेलं असतं. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे पुढे जे हाती लागेल ते वाचलं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातून प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार आवडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ऐकू येत होते. वर्षाचं होत आलेल्या बाळांना बहुतेक येत नव्हते, कारण घरात तो फरक कानावर पडतच नव्हता. ऐकू येणाऱ्या बाळांची ही कथा. आमच्या चिऊच्या कानावर तर काहीच पडत नव्हतं. जन्मतः कर्णबधिर मुलांवर काम करणाऱ्या अनु शर्मा यांच्या संशोधनात असं दिसलं की साधारण साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळाला तर मेंदूतली ऐकण्याची वाट नीट घडते. सातच्या पुढे ते फार अवघड होतं. 'बोलेल गं' म्हणणाऱ्यांना मी मग हेच ऐकवायचे.

सहावा महिना लागायच्या आत चिऊच्या कानामागे यंत्रं आली. यंत्र घातलं की काम झालं असं वाटतं, पण खरी कटकट तिथून सुरू होते. कानाचं माप घेऊन केलेला साचा काही महिन्यांत सैल होतो, कारण कान वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, विशेषतः पाजताना, कान आईच्या अंगाला टेकला की हमखास. नवा साचा येईपर्यंत ओढाताण. बाळ यंत्र ओढतं आणि थेट तोंडात घालतं. आतली बटणासारखी बॅटरी गिळली तर जीवावर बेततं, म्हणून झाकणाला लॉक असलेलंच यंत्र घ्यावं. आम्ही पातळ सुती कापडाचं टोपरं शिवलं, कानावरून बंद बांधायचे. पावसाळ्यात रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत. अंघोळ आणि झोप सोडली तर यंत्र कानावरच, हा घरातला नियम. मॅडम दर भेटीला पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "आजी, दिवसातले किती तास?"

रोज सकाळी सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. 'म' आणि 'ऊ' खालच्या पट्टीतले, 'स' सगळ्यात वरचा. बोलण्यातला सगळा पल्ला या सहांत येतो. मागे बसून, ओठ दिसू न देता, एकेक म्हणायचा आणि डोळे हलतात का बघायचं. यंत्र आणि साचा नीट असूनही चिऊ फक्त 'आ', 'ऊ'लाच वळायची. 'श', 'स'ला कधीच नाही. वही ठेवली होती. यंत्र पुरेसं नाही हे त्या वहीनेच सगळ्यात आधी दाखवलं, आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा विषय निघाला.

त्याच्या कागदपत्रांबद्दल लिहीत बसत नाही. दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी केंद्राची अॅडिप योजना आहे, मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि त्यातलं जिल्ह्याच्या ठिकाणचं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, पुढची वाट दाखवतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकून आम्ही बऱ्याचदा परतलो. इम्प्लांटसाठी वयाची अट असते, तेव्हा दाखले निदान होताच काढायला घ्या. न्यूमोनियाची लस शस्त्रक्रियेआधी द्यावी लागते, तीही तेव्हाच विचारून ठेवा.

या मधल्या काळात घरात मतभेद झाले. एका थेरपिस्टचं म्हणणं, खुणा अजिबात करू नका, नाहीतर मूल ऐकायचा कंटाळा करेल. सुनेला ते पटलं नाही, मलाही नाही. भाषेचं वय चाललंय आणि पोरीला 'अजून दूध' सांगायलाही काही साधन नाही, हे कसं चालेल? कर्णबधिर आईबापांची बाळं हातांनी बोबडं बोलतात, तेही इतर बाळं 'बा-बा' करतात त्याच वयाच्या आसपास. सुनेने भारतीय सांकेतिक भाषेतल्या काही खुणा शिकून घेतल्या. चिऊ त्या पटापट उचलू लागली, आणि नंतर तिचं बोलणं त्यामुळे अडलं असं मला तरी दिसलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंत मुलं त्या क्षणी हसतात. आमची भोकाड पसरून रडली आणि डोक्यावरची चुंबकाची चकती उपटून फेकली. मॅडम म्हणाल्या, "आजी, आजपासून हिचं ऐकण्याचं वय शून्य."

मग माझं काम सुरू झालं, बोलण्याचं. टीव्ही बंद. कुकरची शिट्टी झाली की आधी कानाकडे बोट, "ऐकलंस?", आणि मग कुकर दाखवायचा. आवाज आधी, वस्तू नंतर. चित्रांचे तक्ते आणून 'म्हण, म्हण' करणारी घरं मी थेरपीच्या बाकावर पाहिली. तिथली मुलं तोंड फिरवायची. आमच्याकडे तक्ता नव्हता, मेथीची जुडी होती. "ही काडी. काडी टाकू. हे पान. पान ठेवू. टाक बघू." पुढे मी मुद्दाम चुकीची वाटी द्यायला लागले, आणि एक दिवस ताटावरून मान वर करून ती म्हणाली, "नको!"

आता वाक्यं येतात. 'ट' आणि 'त'ची गल्लत अजून चालू आहे. जूनमध्ये बालवाडी. बाईंना सांगून ठेवलंय, पंख्यापासून लांब आणि तुमच्या जवळ बसवा, पाठमोऱ्या बोलू नका, प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाताना कानामागचं यंत्र काढून ठेवा. वॉरंटी संपली की केबल आणि चकतीचा खर्च घरच्यांवर येतो, आणि केबल तुटून यंत्र कपाटात पडलं की पोरीचं ऐकणं तिथेच थांबतं. माझ्या पेन्शनमधली एक रक्कम त्यासाठी दर महिन्याला बाजूला जाते. सुनेने चिऊच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक जादा केबल आत्ताच ठेवून दिली आहे.