पंचनाम्यातल्या चौदा भाकऱ्या

नोव्हेंबर आला की माझ्या गाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. सगळ्या पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कुणाचं नाव आधारवर एक आणि पेन्शनच्या कागदावर भलतंच. साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या अंगाला एक टेबल, एक कॉम्प्युटर, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एवढाच माझा संसार. अठ्ठावीस वर्षं फौजेत क्लार्की केली, सुभेदार होऊन घरी आलो. आता माजी सैनिकांचे, विधवांचे अर्ज लिहितो. वकील नाही. पण कुठल्या अर्जाला कुठला कागद जोडायचा हे वकिलापेक्षा बरं कळतं, असं माझं मत आहे. होतं, म्हणा.

२०१४ च्या नोव्हेंबरात अशाच गर्दीत माण तालुक्यातला एक लान्स नाईक आला. तिशीच्या आतबाहेरचा, डाव्या पायात जाड तळव्याची चप्पल, चालताना त्या बाजूला जरा झुकणारा. आठ वर्षं नोकरी झाल्यावर त्याला बोर्ड आऊट केलेलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेलं. हातात सुतळीने बांधलेली फाईल. मी वरची दोन पत्रं पाहिली. अपंग पेन्शनचा दावा फेटाळल्याचं एक, पहिलं अपील फेटाळल्याचं दुसरं. दोन्हींचा मजकूर जवळजवळ एकच : जवान रजेवर होता, प्रवास खाजगी होता, सबब इजेचा सैनिकी सेवेशी संबंध नाही आणि सेवेमुळे ती बळावलेलीही नाही.

या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मिळून ‘नाना’ होतो. आमच्या लोकांत त्याला नानाचा शिक्काच म्हणतात. नाना बसला की टक्केवारी कितीही असो, अपंग पेन्शन नाही. त्यात या पोराची नोकरी दहा वर्षांच्या आतली, म्हणजे तेव्हाच्या नियमाने साधी पेन्शनही नाही. एकरकमी ग्रॅच्युइटी आणि रामराम.

‘रजेवर’ हा शब्द दिसताच मला २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवला. वार्षिक रजेवर गावी आलेल्या जवानाचा स्कूटरवरून अपघात झाला होता आणि त्याचा सेवेशी संबंध नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं. मागे पंधरा म्हातारे रांगेत उभे. मी त्याला म्हटलं, ‘‘बाळा, हे टिकायचं नाही. उगाच वकिलाला पैसे घालू नको.’’ तो ‘‘बरं साहेब’’ म्हणाला, सुतळी बांधली आणि गेला. चहासुद्धा विचारला नाही मी.

तीन वर्षांनी, २०१७ च्या डिसेंबरात, तो परत आला. या खेपेला आई बरोबर होती. नऊवारीतली, काटक बाई. बसायच्या आधीच म्हणाली, ‘‘दादा, गावात लोक म्हणत्यात, ह्यो पळून आला. इम्याचं पैसं आलं ते खाल्लं, आता आनिक काय पायजे म्हणत्यात. तुमी कागूद तेवढा नीट बगा.’’

विम्याची ही गल्लत मी रोज ऐकतो. घरी येताना त्याला ग्रुप इन्शुरन्सची रक्कम मिळाली होती. तो पैसा जवानांच्याच पगारातून दरमहा कापलेल्या वर्गणीचा. अपंग पेन्शन ही वेगळी बाब, ती सरकारने द्यायची, आणि एक मिळालं म्हणून दुसरं बुडत नाही. पण गावाला हे कोण सांगणार? घरच्यांनाही तीच समजूत करून दिलेली.

त्या दिवशी गर्दी नव्हती. मी फाईल मागून वाचायला घेतली. भरती झालो तेव्हा आमच्या हेड क्लार्कने पहिली शिकवण तीच दिली होती : फाईल मागून वाचायची. वर असतं ते दुसऱ्याचं मत, खाली असतं ते घडलेलं. २०१४ च्या त्या दुपारी ही शिकवण मी कुठे ठेवली होती कोण जाणे.

सगळ्यात तळाला रेल्वे पोलिसांचा पंचनामा होता. झेरॉक्सची झेरॉक्स, शाई उडालेली, अक्षर घाईचं, भाषा आपली शुद्ध पोलिसी मराठी. नोव्हेंबर २०१०, मनमाड स्टेशन, रात्रीची वेळ. इसम झेलम एक्सप्रेसमधून पाणी भरण्यासाठी उतरला, गाडी सुटल्याने चढण्याचा प्रयत्न करीत असता पाय घसरून डावे पाऊल गाडी व फलाट यांच्यामध्ये सापडले. पुढे लष्करी इस्पितळात पावलाचा पुढचा भाग कापावा लागला. हे सगळं वरच्या कागदांतही होतं. वरच्या कागदांत नव्हती ती पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावरची यादी. इसमाच्या सामानात मिळून आलेल्या वस्तू :

एक काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर व नाव. एक वळकटी. खाकी कागदात गुंडाळलेले बूट, पॉलिश केलेले. गणवेश दोन जोड, इस्त्रीचे. स्टीलचा डबा एक, त्यात रव्याचे लाडू. फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या नग चौदा. शेंगदाण्याची चटणी अंदाजे पाव किलो.

मी ‘नग चौदा’ दोनदा वाचलं. मग मावशींना विचारलं, ‘‘भाकऱ्या कुणी केल्या होत्या?’’

‘‘म्याच. कडक केल्या हुत्या, दोन दिस टिकाव्या म्हनून. त्याच्या संगतीची पोरं वाट बगायची ना तिकडं.’’

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण दावा फेटाळणाऱ्याचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. मनमाड म्हणजे शिर्डीला जायचं स्टेशन. रजेतला जवान, खिशात तिकीट सापडलं नाही (इस्पितळात पॅन्ट कापून काढली तेव्हा ते कुठे गेलं देव जाणे), म्हणजे गेला असेल देवदर्शनाला. खाजगी प्रवास! युनिटकडे गेलेल्या पंचनाम्याच्या इंग्रजी गोषवाऱ्यात पहिलं पान आलं होतं, सामानाची यादी गाळली होती. मूळ कागद मराठीत, म्हणून वरच्या कचेऱ्यांत तो कुणी वाचला नाही. आणि ज्याला वाचता येत होता त्या मी तो वाचला नाही.

इस्त्रीचे दोन गणवेश आणि वळकटी घेऊन शिर्डीला कोण जातं? आणि चौदा भाकऱ्या? घरी येणारा जवान भाकरी आणत नाही. भाकरी नेतो तो घरून निघालेला. पुण्याहून संध्याकाळी निघणारी झेलम दौंड, नगर, मनमाड करत थेट जम्मूला जाते. आमच्या भागातली किती पोरं त्या गाडीने गेली आणि आली, त्याची गणतीच नाही.

मग बाकीचे कागद भराभर बोलायला लागले. रजेचा दाखला काढला. रजा वार्षिक नव्हतीच, कॅज्युअल म्हणजे किरकोळ होती, आणि फौजेत कॅज्युअल लीव्ह ड्युटीतच धरतात. २०११ चा निकाल मी चुकीच्या माणसाला लावला होता. रजा संपायला दोन दिवस उरले होते, जम्मूला पोचायला लागतात बरोबर तेवढे. दाखल्याच्या पाठीमागे रेल्वे सवलतीचा फॉर्म दिल्याची नोंद, शिक्क्यासह. तेव्हाच्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे अपंग पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांत, स्पष्ट होतं की रजेच्या गावाहून कामावर परतताना सरकारी खर्चाने प्रवास करायचा हक्क असेल, रेल्वेचं सरकारी वॉरंट असो की सवलतीचं व्हाउचर, तर तो माणूस ड्युटीवर समजायचा. आणि समजा सवलत वापरलीच नाही, स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं, तरी १९९९ मध्ये मदन सिंह शेखावत यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट मोकळी केलेली. तेही कॅज्युअल लीव्हवर स्वखर्चाने घरी निघाले होते, गाडीतून उतरताना अपघात झाला आणि हात गेला. खर्च कुणी केला यावरून जवानाला पेन्शन नाकारता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

मुंबईतल्या एका वकीलबाईंना मी रात्रीच फोन केला. त्या फौजी प्रकरणंच लढतात, फी परवडेल तशी घेतात. त्यांचा पहिला प्रश्न : उशीर किती? सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या कायद्यात शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आम्ही चार वर्षं मागे. पण पेन्शन ही दर महिन्याला नव्याने नाकारली जाते, त्यामुळे निव्वळ उशिरावर दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंह निकालाने ते सांगितलं आणि त्याचबरोबर एक कुलूपही घातलं : थकबाकी मिळेल ती अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची.

ते वाक्य त्या फोनवर सहज बोलून गेल्या. मी वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली.

पंचनाम्याचं भाषांतर मी स्वतः केलं. ‘नग चौदा’ला दहा मिनिटं गेली. साक्षांकित प्रत काढायला रेल्वे पोलिसांकडे दोन खेपा झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्ज दाखल झाला, मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या खंडपीठासमोर सुनावणी लागली. त्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. तो खिडकीशी बसला, पाय लांब करून. वाशीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

या न्यायाधिकरणाची रचना मला आवडते. एक सदस्य न्यायाधीश राहिलेला, दुसरा फौजेतला वरिष्ठ निवृत्त अधिकारी. म्हणजे दोघांतल्या एकाने तरी उभ्या आयुष्यात ट्रंक उचललेली असते. सरकारी वकिलांनी शिर्डीचा मुद्दा मांडला, अगदी शांतपणे, कारण त्यांच्या कागदात तेवढंच होतं. मग आमच्या बाईंनी भाषांतराचं पान पुढे केलं आणि यादी वाचायला घेतली. ट्रंक, वळकटी, बूट.

भाकऱ्यांपाशी निवृत्त अधिकाऱ्यांनी हात वर केला. ‘‘चौदह?’’

‘‘चौदह, सर.’’

त्यांनी चष्मा काढून मागच्या बाकाकडे पाहिलं. पोरगा आपसूक सावधानमध्ये उभा राहिला, तो अर्धा पाय असून टाचा जुळवून. ‘‘किसके लिए थी इतनी?’’

‘‘सेक्शन के लिए, साहब. सब माँगते थे.’’

अधिकारी काही बोलले नाहीत. शेजारच्या न्यायमूर्तींकडे वळून हलकं काहीतरी म्हणाले, आणि न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं की मूळ मराठी कागद तुमच्यापैकी कुणी वाचला होता का. त्यावर ‘सूचना घेऊन सांगतो’ असं ठरावीक उत्तर आलं. सगळं मिळून वीस मिनिटंही लागली नसतील.

निकाल आमच्या बाजूने. इजा सेवेशी संबंधित, अपंगत्व चाळीस टक्के, कायमचं. वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्यांच्या बाबतीत तेव्हाच्या नियमाने पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरचं पंचाहत्तर, त्यावरचं शंभर. म्हणून त्याच्या चाळीसचे पन्नास झाले. सर्व्हिस एलिमेंट आणि डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनचा नोकरीपोटीचा आणि अपंगत्वापोटीचा भाग, दोन्ही. चार महिन्यांत द्या, उशीर झाला तर व्याजासह. प्रत्यक्षात पैसे दिवाळीनंतर आले, तो भाग सांगत बसत नाही. त्या काळात मी एवढी स्मरणपत्रं लिहिली की प्रिंटरचं काट्रिज बदलावं लागलं.

पैसे आल्यावर तो गाळ्यात आला, पेढे घेऊन. मावशींनी फडक्यात भाकऱ्या पाठवल्या होत्या. मोजल्या नाहीत मी. त्याने नवा पेन्शन आदेश टेबलावर ठेवला आणि बोट एका तारखेवर टेकवलं.

‘‘साहेब, घरी आलो ऑगस्ट २०१२ ला. हे फेब्रुवारी २०१५ पासून सुरू हाय. मधलं?’’

मी तरसेम सिंह पुन्हा समजावला. अर्जाच्या आधीची तीन वर्षं. त्याने बोटांच्या पेरांवर मोजलं.

‘‘तीस महिने.’’

‘‘तीस.’’

‘‘आन मी पहिल्यांदा आलो तवा अर्ज घातला असता तर?’’

२०१४ चा नोव्हेंबर. तेव्हा अर्ज गेला असता तर तीन वर्षं मागे मोजून २०११ येतं, म्हणजे त्याचा एक महिनाही बुडाला नसता. हे गणित मी त्या फोनच्या रात्रीच केलं होतं, वहीत, त्या रेघेच्या खाली. वही ड्रॉवरमध्येच होती. मी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ते पान वाचलं. बराच वेळ वाचलं, चार ओळींना लागतो त्यापेक्षा जास्त. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली, पेढ्यांचा पुडा उघडला आणि म्हणाला, ‘‘घ्या साहेब.’’

मी घेतला. बाहेर त्याने गाडीला किक मारली. गिअर तो टाचेने टाकतो.