तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत माझी चित्रं का थांबतात

कार्तिक सरला की मी रंग उचलून ठेवते, ते संक्रांतीनंतर पुन्हा काढते. मी झाडापानांची चित्रं काढते, जलरंगात. वाईजवळ राहते, घरामागे छोटी बाग आहे. चित्र मागायला येणारे, नातेवाईक, शेजारच्या काकू, सगळ्यांचा प्रश्न एकच: "एवढी छान हवा, लख्ख उजेड, आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही काम थांबवता? मग दिवसभर करता तरी काय?" दारात उभ्याउभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या परसात कागदी लिंबू आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई सरबती वाण. लिंबाचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, तीन: जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. झाड मोकळं सोडलं तर फुलं थोडी थोडी येत राहतात. एकच बहार भरघोस हवा असेल तर आधी पाणी तोडावं लागतं, झाडाला ताण द्यावा लागतो. हस्त बहाराची लिंबं ऐन उन्हाळ्यात, भाव चढलेला असताना हाती येतात, म्हणून बागायतदारांचा डोळा त्याच्यावर. पण त्यासाठी ताण पावसाळ्यात द्यायचा, आणि आमच्याकडे तेव्हा आभाळच पाणी घालत असतं. म्हणून मी आंबे बहार धरते.

डिसेंबरात पाणी बंद. सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण जमीन काळी, भारी. ओल धरून ठेवते. मग एका दुपारी पानांची चकाकी गेलेली लक्षात येते. पानं कडांनी आत वळायला लागतात. जुनी पिवळी पडून गळतात, नवी पालवी फुटत नाही. बघणाऱ्याला वाटतं, झाड चाललं. पण पाला वाढवण्यात खर्च होणारं अन्न आता काड्यांमध्ये साठत असतं, आणि फुलं त्याच साठ्यावर येतात.

या दिवसांत मी वाळलेल्या काड्या आणि पाणसोट (नुसत्याच जोमानं सरळ वाढणाऱ्या, फळ न धरणाऱ्या फांद्या) काढते, मोगरा छाटते, लिंबाच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीपासून जपणारा लेप, लावते. १०० ग्रॅम मोरचूद एका प्लॅस्टिकच्या भांड्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्यात, दोन्ही मिळून पाणी १ लिटर. लोखंडी भांडं अजिबात चालत नाही. दोन्ही एकत्र ओतताना जो दाट आकाशी रंग उठतो, तो माझ्या रंगांच्या पेटीत नाही. तो बघताना हात शिवशिवतात. तरीही मी ब्रश घेत नाही.

कारण सांगते. पावसाळ्यात मी झपाटल्यासारखी चित्रं काढते. तेरडा, कुर्डू, कळलावी, लिंबाच्या पानावरची फुलपाखराची अळी. ही अळी लहानपणी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर डिवचली तर डोक्यातून केशरी शिंगं बाहेर काढते. दिवाळीपर्यंत हात इतका सरावतो की तेरड्याचं पान समोरच्या तेरड्याकडे न बघता कागदावर उतरतं. ती चित्रं लोकांना आवडतात, विकलीही जातात. मला ती नको असतात. मला समोरचं पान बघून काढलेलं पान हवं असतं, आणि त्यासाठी हाताची सवय मोडावी लागते. काढायचंच नाही असं ठरवलं की मी नुसती बघायला लागते. सकाळी लिंबाखाली बसते, फोन घरात असतो. आठवडाभरात बारीकसारीक गोष्टी पुन्हा दिसायला लागतात: लिंबाच्या देठाला दोन्ही बाजूंनी असलेली अरुंद झालर, काट्याच्या बेचक्यातला डोळा, जिथून नवा कोंब फुटतो.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, म्हणजे कलावंतानं सोसलं पाहिजे, तरच कला फुलते. हे मला मुळीच मान्य नाही. ताण फक्त सशक्त, पोटभर शेणखत खाल्लेल्या झाडाला देतात. रोगट झाडाला, कोवळ्या रोपाला कधीच देत नाहीत. कुणी पाणी घालायला नाही म्हणून सुकलेलं झाड ताणावर नसतं, ते मरत असतं. पैशाची ओढाताण, घरातलं आजारपण, न मिळालेली दाद, यांनी माणसं लिहायची, गायची, काढायची थांबतात. त्या थांबण्याला तयारी म्हणणं मला क्रूर वाटतं. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, गरजा थोड्या आहेत, दोन महिने मिळकत नसली तरी चूल पेटते. म्हणूनच मला हे थांबणं परवडतं.

ताण तोडतानाही घाई चालत नाही. संक्रांतीच्या सुमाराला आळं हलकं उकरून शेणखत घालते आणि पहिलं पाणी बेतानं देते. मग हळूहळू वाढवते. एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेली फुलं गळू शकतात. कागदाचंही मी तसंच करते: आधी फक्त पेन्सिल, तळहाताएवढ्या कागदावर एकच पान. रंग त्यानंतर.

फेब्रुवारीत कळ्या धरतात. लिंबाचं फूल पांढरं, आणि जलरंगात मी पांढरा रंग वापरत नाही. पाकळी म्हणजे कोरा ठेवलेला कागद, रंगवायचं ते तिच्या भोवतीचं. दोन महिने हात आवरल्याशिवाय मला तेवढा कागद कोरा सोडता येत नाही.

तेव्हा मार्गशीर्ष-पौषात माझ्याकडे चित्र मागू नका, मी नाहीच म्हणेन. लिंबाच्या फुलाचं हवं असेल तर संक्रांतीनंतर कळवा, आणि शक्यतो सकाळीच या.