ओळखीचा प्रतिस्पर्धी

शुक्रवार, रात्र

उद्याच्या फुटबॉल सामन्यात माझा मित्र, पूर्वी आमच्याच संघात असलेला, दुसऱ्या संघाकडून माझ्यासमोर असेल. तो डाव्या विंगवर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करत, खेळतो आणि मी उजव्या बाजूचा बचावपटू आहे, त्यामुळे मैदानाच्या एकाच पट्ट्यात नव्वद मिनिटे आमची गाठ पडणार हे उघड आहे. आज सराव संपल्यावर संघातल्या दोघा-तिघांनी मला विचारले की, त्याच्याविरुद्ध खेळणे जड जाणार नाही का. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही, म्हणून इथे नीट लिहून बघतो आहे.

विचारणाऱ्यांच्या मनात मैत्रीचा प्रश्न होता. मला मात्र मैत्री अडचणीची वाटत नाही, कारण एकमेकांसमोर उभे राहणे आम्हा दोघांना मुळीच नवे नाही. एकाच संघातला डावा विंगर आणि उजवा बचावपटू सामन्यात मैदानाच्या दोन वेगळ्या बाजूंना असतात, पण सरावात दोन गट पाडले की ते रोज एकमेकांच्याच वाट्याला येतात. तो आमच्या संघात होता तेव्हा मी जितक्या वेळा त्याला अडवले, तितके दुसऱ्या कोणालाही अडवले नसेल. चेंडू घेऊन अंगावर येताना तो डावा खांदा किंचित खाली टाकतो, जणू साइडलाइनकडे निघालाच आहे, आणि समोरच्याने त्या बाजूला वजन टाकले की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू आत ढकलून तो मोकळा होतो. सुरुवातीला त्या हुलीला मी रोज फसत असे. पुढे शिकलो की खांद्याकडे पाहायचे नाही, कंबरेकडे पाहायचे, कारण कंबर वळल्याशिवाय कोणालाही दिशा बदलता येत नाही. त्याच्यामुळेच मला डावा पाय पुढे ठेवून, आतली वाट अडवून उभे राहण्याची सवय लागली, आणि आज मी प्रत्येक विंगरसमोर तसाच उभा राहतो. माझा बचाव त्याच्या हुलींनी घडवला आहे आणि त्याच्या हुली माझ्या बचावाने. त्यामुळे उद्या समोर येणारा माणूस परका नाही, हीच खरी कठीण गोष्ट आहे.

कालच्या बैठकीत प्रशिक्षकांनी मला फळ्यासमोर बोलावले आणि त्याच्याबद्दल जे काही माहीत आहे ते सगळ्यांना सांगायला सांगितले. मी सांगितले. हुलीबद्दल सांगितले, दोनदा चेंडू गमावला की तो खाली मिडफिल्डपर्यंत उतरून स्वतः चेंडू मागून घेतो हे सांगितले, कॉर्नरच्या वेळी आधी गोलच्या लांबच्या खांबाकडे निघाल्यासारखे करून तो जवळच्या खांबाकडे धाव घेतो हेही सांगितले. सांगताना मला जराही अपराधी वाटले नाही. तिकडे त्यानेही हेच केले असणार, आणि ते गृहीत धरूनच आम्ही कॉर्नरच्या सगळ्या खुणा बदलल्या आहेत.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. त्याच्या एका घोट्याला जुनी दुखापत आहे आणि ती बरी झाल्यानंतरही त्या पायावर जोरात टॅकल आला की त्याला भीती वाटते, हे त्याने एका परतीच्या प्रवासात शेजारी बसून मला सांगितले होते. मैदानावर डोळ्यांना जे दिसले ते खेळाचे आहे आणि त्याच्याविरुद्ध वापरण्याचा मला पूर्ण हक्क आहे; विश्वासाने कानावर घातलेले मात्र त्याचे आहे, आणि त्याने जर्सी बदलली म्हणून ते माझ्या मालकीचे होत नाही. ही रेघ कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही, पण ती ओढल्याशिवाय मला उद्या त्याच्याशी हात मिळवता आला नसता. काल प्रशिक्षकांनी थेट विचारले असते तरी मी हेच सांगितले असते की मला जे दिसले ते सगळे देऊन झाले आहे.

या विषयावर विचार करताना मला इटलीचा फुटबॉलपटू रॉबेर्तो बॅजिओ आठवतो. 1990 मध्ये तो फ्लॉरेन्सचा क्लब फिओरेन्तिना सोडून युव्हेंटसकडे गेला आणि पुढच्या वर्षी, एप्रिल 1991 मध्ये, युव्हेंटसकडून फ्लॉरेन्सला खेळायला आला. संघ पिछाडीवर असताना युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि एरवी पेनल्टी मारणाऱ्या बॅजिओने ती मारायला नकार दिला. फिओरेन्तिनाचा गोलरक्षक मारेजिनी आपली पद्धत चांगली ओळखतो, असे कारण त्याने दिले. त्याऐवजी सहकारी दे अगोस्तिनीने मारलेला फटका अडवला गेला आणि युव्हेंटस 0-1 असा हरला. बदली होऊन बाहेर जाताना बॅजिओने प्रेक्षकांतून पडलेला फिओरेन्तिनाचा जांभळा स्कार्फ उचलला, त्यामुळे लोकांना त्या नकारातही जुने प्रेमच दिसते. मला मात्र त्याने दिलेले कारण शब्दशः खरे वाटते. सरावात ज्याने शेकडो फटके पाहिले आहेत, त्याच्यासमोर पेनल्टीच्या ठिपक्यावर उभे राहिल्यावर आपण नेहमीच्या कोपऱ्यात मारावे की त्याला तेच अपेक्षित असेल म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात, हा विचार सुरू झाला की पाय स्वतःचा राहत नाही. तरीही मी त्याच्या जागी असतो तर चेंडू हातात घेतला असता. आपण बाजूला झालो तरी फटका कोणाला तरी मारावाच लागतो, आणि तो भार निष्कारण दुसऱ्याच्या पायावर जातो.

अर्जेंटिनाचा स्ट्रायकर गॅब्रिएल बातिस्तुताने केले ते मला अधिक जवळचे वाटते. नऊ वर्षे फिओरेन्तिनासाठी खेळून तो 2000 मध्ये रोमा या क्लबकडे गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिओरेन्तिनाविरुद्धच्या सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. गोलनंतर त्याने जल्लोष केला नाही. सहकारी मिठ्या मारत असताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की, तो गोल लांबून सणसणीत फटक्याने झाला होता. जे वाटायचे ते नंतर वाटले. फटका मारताना त्याने पाय आखडता घेतला नाही.

शनिवार, उशिरा

सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. आमचा गोल फ्री किकवर झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

रांगेत हात मिळवताना तो म्हणाला, “काय रे, आज आत येऊ देणार नाहीस ना?” मी म्हटले, “येऊन तर बघ.” पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्याने तीच जुनी हूल दिली आणि मी दर वेळी आतली वाट अडवून धरली. मग एकदा त्याने तसाच खांदा टाकला, मी कंबरेकडे पाहत जागेवरून हललो नाही, आणि तो खरोखरच साइडलाइनकडे सुटला. पूर्वी त्या बाजूला गेला तरी चिंता नसे, कारण डाव्या पायाने त्याचा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, कधी धड येत नव्हता. या वेळी त्याने धावता धावता, मान वर न करता, डाव्या पायाने असा क्रॉस घातला की त्यांच्या सेंटर फॉरवर्डला फक्त डोके लावायचे होते.

मला राग आला, आणि त्या रागातही कौतुक वाटले. आमच्याकडून गेल्यानंतर त्याने एकट्याने किती वेळ भिंतीसमोर उभे राहून तो पाय तयार केला असेल, हे मला न सांगता कळले, कारण या कामाचा त्याला किती कंटाळा होता हे मी जवळून पाहिले आहे. मी फळ्यासमोर ज्याचे वर्णन केले तो खेळाडू आमच्या संघातला होता. समोर आला तो त्याच्या पुढे गेलेला होता. एखाद्याला आपण ओळखतो असे म्हणताना ती ओळख कोणत्या दिवसापर्यंतची आहे हेही ध्यानात ठेवायला हवे, आणि मी ते मध्यंतरात शिकलो. दुसऱ्या सत्रात मी अंतर ठेवून उभे राहणे सोडले, चेंडू त्याच्याकडे पोहोचण्याआधीच त्याला चिकटलो, आणि आतली बाजू आमच्या मिडफिल्डरने सांभाळली. त्यानंतर त्याला वळायलाच फारशी जागा मिळाली नाही.

शेवटच्या टप्प्यात एक चेंडू आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये पडला. त्याचा तोच पाय पुढे होता. घोटा मला आठवला, हे खरे आहे, पण मी टॅकल अर्धवट सोडला नाही. बिचकत घातलेल्या पायानेच दोघांनाही इजा होते, हे प्रत्येक बचावपटूला ठाऊक असते. मी फक्त चेंडूकडे पाहिले, वेळेवर पोहोचलो आणि चेंडू बाहेर गेला. तोही मागे सरकला नाही. पूर्वी अशा वेळी तो शेवटच्या पावलाला थांबत असे, आज थांबला नाही.

सामना संपल्यावर आम्ही थोडा वेळ बोललो. त्याने मला विचारले, “तुमच्या सरांना माझ्याबद्दल काय काय सांगितलेस?” मी म्हटले, “दिसले ते सगळे.” त्याने मान हलवली आणि घोट्याचा विषय आमच्यापैकी कोणीही काढला नाही.

परतीचा सामना हंगामाच्या उत्तरार्धात त्यांच्या मैदानावर आहे. आमच्या संघात डाव्या विंगवर आलेला नवा मुलगा डावखुरा आहे; मंगळवारच्या सरावात दोन्ही बाजूंनी जाणारा विंगर होऊन माझ्यासमोर ये, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.