प्लिमथमध्ये मेफ्लॉवरचा पूर्वज शोधताना: आधी दप्तर, मग टेकडी

बोस्टनच्या साउथ स्टेशनवरून किंग्स्टनची लोकल धरली की तासाभरात शेवटचं स्टेशन येतं. तिथून प्लिमथ टॅक्सीने अगदी जवळ. १६२० मध्ये इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून इथे वसाहत करायला आलेला पूर्वज शोधणारे बहुतेक जण उतरताच बेरियल हिल या जुन्या दफनभूमीची टेकडी चढतात. आम्हीही चढलो, पण पुरावा म्हणून त्या दगडांकडे पाहायचं नाही हे ठरवूनच. इथली सर्वांत जुनी शिळा १६८१ ची आहे. त्याआधी गेलेल्यांच्या नावाचे दगड पुढच्या पिढ्यांनी बसवलेले, त्यांच्या समजुतींसकट.

मेफ्लॉवरचा प्रवासी जॉन हाउलंडचंच पाहा. एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावाने बसवलेल्या दगडावर कोरलं होतं की त्याची बायको एलिझाबेथ ही वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची मुलगी. घराण्याने ते खरं मानलं. पुढे कार्व्हरनंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८५६ मध्ये छापलं गेलं. त्यातल्या प्रवाशांच्या यादीत स्पष्ट आहे: एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. यथावकाश दगड बदलला. ते हस्तलिखित १८९७ पासून बोस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्रंथालयात आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्याची नावं एका चोपडीत मिळावीत तशी सोय इथे नाही. गावाचं दप्तर वेगळं, कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, वेगळं. म्हणून आजपासून मागे चालायचं, प्रत्येक पिढीचा आईबापांशी दुवा कागदाने जोडत. १८५० च्या जनगणनेपर्यंत फारशी अडचण येत नाही. त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. मॅसॅच्युसेट्सची राज्यस्तरीय जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १८४१ ची. त्याआधी गावच्या क्लार्कच्या वह्या. पलीकडून, मेफ्लॉवरच्या वंशजांची संघटना असलेल्या मेफ्लॉवर सोसायटीचे रुपेरी बांधणीचे खंड प्रवाशापासून साधारण पाच पिढ्या खाली आणून देतात. खरी खिंड मधली आहे. १७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं नुसती आकड्यांत. लेकी तर तिथे दिसतच नाहीत.

त्या सापडतात मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या दस्तांत. एलिझाबेथ हाउलंडचं डिसेंबर १६८६ चं मृत्युपत्र याचा उत्तम नमुना: लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, एलिझाबेथ डिकिन्सन, अशा लेकी सासरच्या आडनावांनी येतात. मृत्युपत्र नसेल तर वाटणीचे कागद पाहावेत. वारस मिळून जमीन विकतात तेव्हा जावयांच्याही सह्या असतात. दस्तांची सूची दोन बाजूंनी असते, विकणाऱ्याच्या नावाने आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही चाळायच्या. आणि मृत्यूच्या वर्षाशी थांबायचं नाही. कित्येक दस्त वीस-तीस वर्षांनी नोंदवले गेले, कारण विक्रीची वेळ येईपर्यंत कुणाला गरजच पडली नव्हती. बरेच जण इथेच हात टेकतात.

आजचा नकाशा घेऊन शोधलं तरी फसगत होते. प्लिमथ, ब्रिस्टल आणि बार्नस्टेबल या कौंट्या १६८५ मध्ये झाल्या. त्याआधीचे कागद प्लिमथ वसाहतीच्या दप्तरात. बार्नस्टेबलचे दस्त १८२७ च्या आगीत गेले, तिथे मृत्युपत्रांवर भिस्त ठेवावी लागते.

तारखांचं गणित वेगळं. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/७३ असा, जुन्या आणि आजच्या दोन्ही गणनांची वर्षं देऊन लिहितात. तिरक्या रेघेसकट उतरवून घ्या. एक आकडा गाळला की लग्नाआधी मूल जन्मलेलं दिसतं. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असंही नाही. गावात त्याच नावाचा थोरला, कदाचित चुलता, हयात आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि थोरला गेला की धाकट्याचं ‘ज्युनियर’ गळून पडतं. अशा दोघांना वेगळं काढायला जमिनीच्या चतुःसीमा आणि बायकोचं नाव उपयोगी पडतं.

दस्तांची आणि मृत्युपत्रांची बरीचशी पानं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट दिसतात, तेव्हा घरूनच खंड आणि पान क्रमांक टिपून निघावं. बोस्टनमध्ये न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ मध्ये स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेचं ग्रंथालय आहे. राज्याचं अभिलेखागार कोलंबिया पॉइंटला, मेट्रोच्या रेड लाइनवरच्या जेएफके-यूमास स्टेशनजवळ. पेन्सिल सोबत ठेवा. दस्ताचा फोटो घेताना साक्षीदारांच्या सह्यांचा तळही घ्यावा. मेहुणे, साडू पुष्कळदा तिथेच भेटतात.