शनिवारी बंद : आमच्या घाण्याची वाटचाल

आमच्या फाटकावरच्या पाटीवर एवढंच लिहिलं आहे : खोबरेल, तीळतेल, शनिवारी बंद. मुंबईहून फेरीबोटीने येणारे पाहुणे शेवटच्या दोन शब्दांवर थबकतात. इकडच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. अलिबाग, रेवदंडा, चौल, नागाव या पट्ट्यात आम्हा बेने इस्राईल लोकांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, शनिवार तेली म्हणूनच ओळखत. तेल गाळणं हा धंदा आणि शनिवारी घाण्याला हात न लावणं हा धर्म. हिब्रू बहुतेक सगळं विसरलेल्या आमच्या पूर्वजांनी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विसावा, मात्र सोडला नाही.

आमच्या पूर्वजांचं नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत आणि वाचलेली सात जोडपी, ही गोष्ट मी इथे सांगत बसत नाही. ती घराघरांत ठाऊक आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर आजोबांचा बैलघाणा होता, थोडी भातशेती होती आणि नारळ-सुपारीची वाडी होती. १९४८ नंतर एकेक घर इस्राईलला निघालं. तिन्ही काका गेले, आत्या गेली. बैल विकले, घाणा थांबला. वडील वाडीसाठी मागे राहिले. ते जमिनीला धरून राहिले म्हणून मला पुन्हा घाणा उभा करता आला.

तो उभा केला मी आणि भाऊने. भाऊ म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला आगरी शेतकरी. वयाने माझ्यापेक्षा मोठा, म्हणून सगळे त्याला भाऊच म्हणतात. पैसे माझे, अक्कल त्याची. आजोबांची लाट, म्हणजे घाण्याच्या उखळात फिरणारा लाकडी दांडा, गोठ्याच्या माळ्यावर पडून होती, बाभळीची, टोकाला झिजून गुळगुळीत झालेली. भाऊने ती खाली उतरवली, बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिली आणि म्हणाला, ही अजून दोन पिढ्या जाईल. तीच लाट आम्ही नव्या उखळात बसवली. उखळ चिंचेचं. बैलांच्या जागी मोटर आली, पण फेरे मिनिटाला बारा-चौदाच ठेवले. एक्स्पेलर यंत्रावर तेल काढणाऱ्यांची घाई आमच्या लाकडाला सोसत नाही. तेल तापलं की त्याचा वास मरतो, आणि वास मेलेलं खोबरेल आमची माणसं मासळीच्या कालवणातही घालणार नाहीत.

खोबऱ्याबद्दल दोन शब्द. नवीन घाणेवाले इथेच फसतात. खोबरं वाळलं की नाही हे नखाने बघू नये, मोडून बघावं. काडकन आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर आत ओल आहे आणि ते तेल महिन्याभरात खवट होणार. बाजारातलं पांढरंशुभ्र खोबरं दिसलं की भुलू नका, त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. तिळाला मात्र घाण्यात घातल्यावर पाण्याचे चार हबके द्यावेच लागतात, नाहीतर पेंड बांधली जात नाही आणि तेल सुटत नाही. किती पाणी, हे कागदावर लिहून देता येत नाही. पेंड मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा. आणि उखळ कधीही पाण्याने धुऊ नका. पहारीने पेंड खरवडायची, कोरड्या पेंडेनेच पुसायचं. आमच्याकडे हे काम शुक्रवारी दुपारी चार वाजता होतं. त्यानंतर मोटरचं बटण शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसेपर्यंत कोणी दाबत नाही.

या शनिवारापायी आम्ही मोठी ऑर्डर सोडली. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानसाखळीचा माणूस येऊन गेला. माल पसंत, भाव पसंत, पण गाडी शनिवारी सकाळी भरायची. मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी भाऊला म्हटलं, तू तर यहुदी नाहीस, शनिवारचं तू बघशील का? तो पेंड भरत होता. मान वर न करता म्हणाला, "शनवारी घाना बंद म्हंजे बंद. माना नाय जमाचा." त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांच्या घाण्याला शनिवारी लागलेलं कुलूप पाहिलं होतं. ते कुलूप त्याच्या हातून निघणार नव्हतं. मी त्या माणसाला नाही कळवलं. त्या दिवसाची मला आजही शरम वाटते; नाही म्हटल्याची नव्हे, विचारल्याची.

पुढची काही वर्षं बरी गेली. ती सांगण्यासारखी नाहीत. तेल गाळलं, तेल विकलं, कर्ज फिटलं.

ठाण्याच्या आजींबद्दल मात्र सांगायला हवं. आमचं पहिलं गिऱ्हाईक त्या. दर महिन्याला पाच लिटरचा डबा एसटीच्या पार्सलने जायचा आणि रिकामा डबा त्याच वाटेने परत यायचा, आत घडी घातलेली चिठ्ठी. डब्याच्या एका कोपऱ्याला पोचा होता, त्यामुळे शंभर डब्यांत तो ओळखू यायचा. यातलं चार लिटर स्वयंपाकाला. मांसाबरोबर दूध-तूप चालत नाही, त्यामुळे आमच्या घरांत नारळाचा रस आणि खोबरेल यांवरच रांधणं. उरलेलं लिटर शब्बाथच्या दिव्याचं. त्यांच्याकडे जुना टांगता काचेचा पेला होता. खाली पाणी, वर दोन बोटं खोबरेल, त्यात वात. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लावायचा, आणि एकदा लावला की त्याला हात नाही. आजींचा नियम असा : तेल चांगलं असेल तर दिवा शनिवारची पहाट पाहतो आणि काच काळी होत नाही. प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे आहे, पण मी आजींच्या पेल्याला जास्त मानतो.

आता आमच्या नावावर तेल विकणाऱ्या एका माणसाविषयी. त्याचं नाव घेणार नाही, त्याला ती प्रसिद्धी माझ्याकडून नको. २०१९ च्या पावसाळ्याआधी तो पाहुणा म्हणून आला. जेवला. लाटेचे, उखळाचे, आजोबांच्या फोटोचे फोटो काढले. शनिवारची गोष्ट दोनदा विचारून घेतली. मी सगळं सांगितलं, कोणी आपल्या समाजाबद्दल विचारलं की मला सांगावंसं वाटतं. सहा महिन्यांत हमरस्त्यावर त्याचं दुकान निघालं. पाटीवर आमच्या लाटेचं चित्र, खाली "शनिवार तेल्यांचा अस्सल लाकडी घाणा". दुकानात घाणा होता, शोभेचा. तेल पिंपांतून यायचं. आणि ते दुकान शनिवारी सकाळी आठ वाजता उघडायचं. पर्यटकांची गर्दी शनिवारीच असते ना.

मी ते सोडून दिलं असतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारभर वारा घोंघावत होता. आम्ही माजघरात बसून एकेक झाड पडल्याचा आवाज मोजत होतो आणि मग मोजणं सोडलं. संध्याकाळी बाहेर आलो तर साठातले बेचाळीस माड आडवे. सुपारीचं तर विचारूच नका, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी. शेडचे पत्रे शेजारच्या वालाच्या शेतात. उखळ रात्रभर पावसात भिजलं आणि पुढच्या कडक उन्हात उभं तडकलं. खोबऱ्याला बुरशी. वीज नाही, सुतार नाही, टाळेबंदी चालू. भरपाई हेक्टरी मोजायची म्हणे. आमच्या वाड्या गुंठ्यांत असतात हो! भरपाई झाडामागे द्या म्हणून इथला प्रत्येक बागायतदार ओरडत होता. माड लावल्यावर बाणवली जातीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे आम्ही कागदावर लिहून दिलं.

घाणा चार महिने बंद होता. त्या चार महिन्यांत त्या माणसाने आमच्या गिऱ्हाइकांना फोन केले. आमचा धंदा बुडाला, आता आमच्याच कृतीने तेल तो काढतो, असं सांगितलं. लोकांनी विश्वास ठेवला. मी त्यांना दोष देत नाही. ठाण्याच्या आजींनीही एक डबा मागवला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री, तारे दिसल्यावर लगेच, त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "दिवा अकराला गेला रे. काच काजळीने भरली. मी अंधारात बसून होते. तू असलं तेल देणार नाहीस, हे कुणाचं?" ऐंशीच्या पुढची बाई, शुक्रवारी रात्री विझलेल्या दिव्याखाली बसलेली. शब्बाथला पुन्हा लावता येत नाही म्हणून बसलेली. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. मी तिच्याकडचं तेल मागवून घेतलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. शुद्ध खोबरेल थंडीत सगळंच्या सगळं गोठतं. या बाटलीत खाली पांढरा थर आणि वर पिवळं तेल हलत होतं. तुम्हीही घरी करून बघा, काही खर्च नाही.

तक्रार केली. नमुना दिला. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. काही झालं नाही. त्याची पाटी आजही तिथेच आहे.

आजींनी पुढे काय केलं ते सांगतो. त्यांनी ठाण्यातल्या, भायखळ्यातल्या, पनवेलमधल्या बायकांना एकेक करून फोन लावले. आधी पैसे पाठवा, तेल नंतर येईल, असं सांगितलं. त्या पैशांतून नवं उखळ आलं. भाऊने पडलेले माड कापून वाटेवरून काढले आणि त्याच पावसात, मला न विचारता, बाणवलीची बेचाळीस रोपं लावली. रोपांचे पैसे त्याने अजून घेतलेले नाहीत.

बाहेरगावच्या बेने इस्राईल मंडळींनी एकदा हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला इकडे यावं. जानेवारी-फेब्रुवारीत येते ती. झाडांचं नवं वर्ष, आणि आमच्याकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा उरूस. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या शिळेवर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असं आम्ही मानतो. तिथे मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची, सुका मेवा आणि फळं. एके काळी वीस हजारांच्या घरातला हा समाज भारतात आता मूठभर उरला आहे, पण त्या दिवशी मुंबई, ठाणे, पुण्याहून गाड्या येतात, इस्राईलमधल्या अश्दोद आणि दिमोनाहून नातवंडं येतात, आणि मराठी-हिब्रू एकाच ताटावर ऐकू येतं. परतताना मंडळी आमच्या वाडीत थांबतात. वालाच्या शेंगांचा तोच हंगाम. भाऊ भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतो, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतो. बिरड्यासाठी वाल मागून नेणाऱ्या आज्या असतात, कारण पुढे बिरड्याचा सण, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकाचा दिवस, येतो. नव्याच्या सणानंतरच्या (आमच्या नववर्षानंतरच्या) खिरीला नवा तांदूळही आमच्याच शेतातला जातो. शेतीशिवाय आमचे सण मला समजावून सांगता येणार नाहीत.

आजी आता नाहीत. पोचा पडलेला डबा त्यांची नात पाठवते, चिठ्ठीसकट. भाऊने लावलेल्या रोपांतल्या एका माडाला या वर्षी पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. मी फोटो काढून नातीला पाठवला.

घाण्यावर यायचं असेल तर रविवार ते गुरुवार केव्हाही या, शुक्रवारी चारच्या आत. शनिवारी आलात तर वाडीत बाक आहे, सावली आहे, माठात पाणी आहे. बसा. तेल मिळणार नाही.